कळपाचा श्वास

"श्वास विकृत," यंत्र दुसऱ्यांदा म्हणालं. आवाज असा गोड, की जणू पाव्हण्याला चहात साखर कमी पडली का ते विचारतंय. मालनबाई तोडकरांना त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली, पण यंत्राला तोंड नव्हतं. भिंतीएवढी काच होती, काचेवर लाल रेघ होती, आणि रेघेखाली त्यांच्या गाडीचा नंबर होता.

कोल्हापूरच्या श्वासचाचणी केंद्रात पहिल्यांदा नापास झालेली गाडी दुरुस्तीला घरी सोडतात, पण ती दुसऱ्यांदा शिरली की पुढं दोनच फाटकं. पास झाली तर रस्त्याकडचं उघडतं. तिसऱ्यांदा नापास झाली तर चेपणयंत्राकडचं. तिथं आख्खी गाडी तांदळाच्या डब्याएवढी होऊन बाहेर पडते. तिसऱ्या चाचणीला चाळीस मिनिटं उरली होती.

मालनबाईंना खुर्ची दिली होती, पण त्यांनी ती पाय ठेवायलाही वापरली नाही. गाडीभोवती फेऱ्या मारत होत्या. वय त्रेसष्ट, शाळा चौथीपर्यंत, तीही चौथीच्या दिवाळीपर्यंत. गेल्या वर्षी गाडी शिकल्या. हौस म्हणून नव्हे. थोरली बहीण, शेवंताताई, गडहिंग्लजच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या गावात तेव्हाच आठ महिने अंथरुणाला खिळून होती, अजूनही आहे. मालनबाईंना तीन मुलगे, तिघांच्या तीन गाड्या, आणि आईला मावशीकडं न्यायला तिघांत मिळून एक रविवार नाही. "बघू गं आई, पुढच्या रविवारी." असे पुढचे रविवार इतके साठले की मालनबाईंनी विचारायचंच सोडलं आणि बाजारातली सगळ्यांत स्वस्त गाडी उचलली. आजऱ्याच्या काजूगोदामात सहा वर्षं धूळ खात पडलेली 'चिमणी' जातीची गाडी. धाकटा म्हणाला, "आई, डबडं घेतलंस." त्या म्हणाल्या, "डबडं असू दे, बोलावलं की येतं."

आता हे डबडं चेपलं गेलं तर पुन्हा त्या तीन दारांत उभं राहायचं. त्यापेक्षा चालत गडहिंग्लज गाठलं असतं त्यांनी.

पहिल्या चाचणीनंतर तीन आठवडे त्यांनी स्वतः इंजिन उपसलं होतं. अक्कल नव्हती, पण रीत होती. आमटी बिघडली तर कुणी एकदम सगळंच ओतत नाही. आधी मीठ चाखायचं, मग चिंच, मग फोडणी. तसं त्यांनी आधी हवेची जाळी धुतली, मग प्लग एकेक काढून घासले. लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून ठोके ऐकले. मधेच दोन प्लगांच्या तारा उलटसुलट बसवल्या, तेव्हा गाडी शिंकत शिंकत गल्लीभर फिरली आणि सून खिडकीतून हसली. तारा सरळ केल्यावर ठोके पुन्हा एका तालात आले. लाटणं सांगत होतं, सगळं ठीक आहे. यंत्र सांगत होतं, विकृत.

म्हणून आज त्यांनी उद्यमनगरातल्या मुजावर मिस्त्रींना सोबत आणलं होतं. पन्नास वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस. बोटांच्या रेषांत ग्रीस इतकं मुरलेलं, की हात बघून भविष्य सांगायचं झालं तर ज्योतिष्याला आधी रॉकेल लागलं असतं.

"आजी, बसा जरा," ईश्वरी मगदूम म्हणाल्या. केंद्राच्या निदानप्रमुख. इंजिनांवर मोठी पदवी घेतलेल्या, चाळिशीच्या, आवाज न चढवणाऱ्या.

"आजी घरी. इथं मालनबाई. आणि बसून गाडी पास होणार असेल तर सांग, झोपतेसुद्धा."

मिस्त्रींनी मिशीत हसू दाबलं. "मॅडम, आजाराचं नाव तरी सांगा की. नुसतं विकृत म्हटल्यावर मी पाना लावू कुठं?"

"नाव यंत्रालाही माहीत नसतं, मिस्त्री. हे कळपनिदान आहे." मगदूमांनी काचेवर बोट ठेवलं. "पूर्वी प्रत्येक इंजिनासाठी कागदावर ठरलेला आकडा असायचा. पण गाड्या उसाच्या इंधनावर आल्या, आणि प्रत्येक कारखान्याचं इंधन वेगळं. आकडा जुळेना. मग असं ठरलं की एका जातीची इंजिनं एकमेकांशीच ताडून पाहायची. शहरात चाळीस हजार चिमण्या आहेत. त्या हवा किती ओढतात, इंधन किती पितात, ठोका कसा देतात, या सगळ्याची सरासरी म्हणजे निरोगी श्वास. त्यापासून जो लांब, तो विकृत."

"आणि इंजिन चालवणारा तो इंजिनमेंदू?" मिस्त्रींनी विचारलं.

"तो रोज कळपाशी बिनतारी बोलतो आणि आपली चाल सरासरीकडं वळवून घेतो. सगळी इंजिनं एकमेकांकडून शिकतात. या गाडीच्या अँटेनाची तार उंदरांनी कुरतडलीय, त्यामुळं ही एकटीच राहिली."

"म्हणजे चार जणी करतील ते बरोबर," मालनबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत एका वर्षी सगळ्या जणी आमटीत साखर घालायला लागल्या. टीव्हीवर बघून. मी नाही घातली. मग मी विकृत?"

"आमटीचं सांगता येत नाही," मगदूम म्हणाल्या, "पण चाळीस हजार इंजिनं एकदम चुकतील कशी?"

"माणसं चुकतात की."

बत्तीस मिनिटं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि गाडी चालू केली. चाचणी नसतानाही काच श्वास दाखवत राहायची, फक्त तो निकालात धरत नसत. चिमणीचं हवा ओढायचं नाक पुढच्या बाजूला अगदी मधोमध, वाटीएवढं. "शेवटचं एक बघतो," ते म्हणाले. "कुठं फटीतनं हवा चोरून शिरत असली तर नाक दाबल्यावर कळतं. फट नसली तर इंजिन गुदमरून बंद पडायला पाहिजे." त्यांनी तळहात नाकावर हळूहळू आणला.

इंजिनाचा सूर खाली आला. ठोका जड झाला, उसासल्यासारखा. पाव नाक झाकलं गेलं असेल-नसेल, आणि काचेवरची लाल रेघ हिरवी झाली.

"श्वास निरोगी," यंत्र म्हणालं.

मिस्त्रींनी हात काढला. विकृत. ठेवला. निरोगी. तिसऱ्यांदा त्यांनी हात काढला तेव्हा मगदूम काचेपाशी गेल्या होत्या आणि चष्मा पुसत होत्या.

"नाक दाबलं की निरोगी," मालनबाई म्हणाल्या. "हे तर माझ्या सासूचं शास्त्र झालं."

"प्रमाण कधी घेतलंय बघते." मगदूमांची बोटं काचेवर भराभर फिरली. "कळपाचं मूळ माप वर्षातून एकदाच घेतात. त्यासाठी सगळी इंजिनं थंड लागतात, उभी लागतात, आणि थोड्याच वेळाच्या अंतरानं चालू व्हायला लागतात. एरवी निम्मी गाडीतळावर, निम्मी रस्त्यात. असा दिवस वर्षात एकच मिळतो. आमच्याच खात्यानं शोधून काढला होता, त्याचं कौतुकही झालं होतं."

"कुठला?"

"दसरा. सकाळी पूजा होते, नारळ फुटतो, गाडी जागच्या जागी दोन मिनिटं चालू ठेवतात..."

मालनबाईंच्या फेऱ्या थांबल्या. "पोरी, दसऱ्याला चिमणीला हार कुठं घालतात?"

मगदूमांचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडं गेला.

"झेंडूचा," मिस्त्री सावकाश म्हणाले. "मनगटाएवढा जाड. आणि तो घसरू नये म्हणून बायका मधोमध दोऱ्यानं बांधतात. बरोबर नाकावर."

पुढचं सांगायला पदवी लागत नव्हती, तरी मगदूमांनी ते मोठ्यानं मांडलं, स्वतःलाच पटावं म्हणून. पहिल्या दसऱ्याला चाळीस हजार इंजिनांचं माप हार घातलेल्या स्थितीत घेतलं गेलं. यंत्रानं गुदमरणं हेच निरोगी धरलं. वर्षभर इंजिनमेंदू त्या मापाकडं वळत राहिले आणि हार काढल्यावरही कमी हवा ओढायला शिकले. पुढच्या दसऱ्याला त्या आधीच दबलेल्या श्वासावर पुन्हा हार पडला. माप आणखी खाली आलं. असे पाच दसरे.

"तरीच," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडं येणारी प्रत्येक चिमणी काळं ओकते. मी इंधनाला शिव्या घालत होतो."

"पण धूर मोजत नाही का तुम्ही?" मालनबाईंनी विचारलं.

"मोजतो. कळपाशी ताडून."

बाहेर रांगेतल्या गाड्या घुरघुरत होत्या. मगदूम रोज आठ तास तो आवाज ऐकत असणार, पण आज त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"मग ही कशी वाचली?" त्यांनी विचारलं.

"हिचा आधीचा मालक दसऱ्याच्या तोंडावर वारला," मालनबाई म्हणाल्या. "सुतकात कुठली पूजा? नंतर भावाभावांत लागली, किल्ली कुणाची तेच ठरेना. विकणाऱ्यानं सांगितलं मला, भाव पाडायला मी अपशकुनी म्हटलं तिला."

"मालनबाई, शहरात आज चांगला श्वास घेणारी चिमणी बहुतेक ही एकच आहे."

"मग दे कागद."

"देता येत नाही. निकाल यंत्र देतं, फाटकही त्याच्याच ताब्यात. मी वर लिहिते, आजच लिहिते. समिती पुढच्या महिन्यात बसेल."

"आणि गाडी?"

मगदूमांनी घड्याळ पाहिलं. "अकरा मिनिटं."

मालनबाईंनी खोलीत नजर फिरवली. शुक्रवार होता. काचेच्या वरच्या अंगाला अंबाबाईची तसबीर होती, आणि सरकारी खोलीत दुसरं काही ताजं नसलं तरी तिचा हार ताजा होता. न वापरलेली खुर्ची त्यांनी ओढली, वर चढल्या, हार उतरवला. "आई, दहा मिनिटांसाठी घेते," त्या पुटपुटल्या. मिस्त्रींनी हार बांधताना एकदा सैल केला, एकदा आवळला, ठोक्याकडं कान देत. तिसरी चाचणी सुरू झाली, गाडी उसासली.

"श्वास निरोगी," यंत्र म्हणालं. "अभिनंदन." रस्त्याकडचं फाटक उघडलं.

मगदूमांनी कागद हातात धरून ठेवला. "एका धडधाकट गाडीला आजारी करून मी पास केलं आज."

"तू नाही, मी केलं. तू नुसती बघत होतीस. सगळं शहर बघतंय तसं."

दिवसभर पाय न ठरलेल्या मालनबाईंनी आता घाईनं निघायला हवं होतं. फाटक उघडं होतं. पण त्या कागद घेऊन तो वाचत उभ्या राहिल्या. चौथीच्या दिवाळीपर्यंतची अक्षरओळख, एकेक अक्षर बोटाखाली घेऊन. निकाल एक: श्वास विकृत. निकाल दोन: श्वास विकृत. निकाल तीन: श्वास निरोगी.

"हे कळपनिदान," त्यांनी विचारलं, "फक्त गाड्यांचंच करता?"

"आम्ही गाड्यांचंच. दवाखान्यांनी नंतर घेतलं. पद्धत तीच."

"तिथं कळप कोण?"

"जे तपासायला येतात ते."

"म्हणजे खोकणारे."

"हो. बहुतेक तेच."

"आमच्या ताईच्या कागदावर हेच दोन शब्द आहेत, श्वास विकृत. मला वाटलं, सगळ्या दवाखान्यांत असंच लिहितात." मालनबाईंचा आवाज खाली आला, आणि तो खाली येण्याची कुणाला सवय नव्हती. "तिची तक्रार कसलीच नव्हती. सरकारी तपासणी होती म्हणून शहरात आणलेली. साठ वर्षं डोक्यावर घागर घेऊन डोंगर चढलेली बाई. छाती भात्यासारखी. तिथनं गावी परतल्यापासून रोज दोन गोळ्या, आणि आता उठून बसली तरी धाप लागते. माणसाचं नाक कशानं दाबतात गं?"

"गोळीनं," मगदूम म्हणाल्या. बोलताना त्या मालनबाईंकडं पाहत नव्हत्या. "श्वास सरासरीवर आणणारी गोळी असते."

मिस्त्रींनी गाडीचं दार उघडून धरलं. "मीही येतो," ते म्हणाले. "वाटेत कागलला एक म्हातारे डॉक्टर आहेत. अजून नळी छातीला लावून ऐकतात. त्यांना घेऊ."

फाटकाबाहेर पहिल्याच वळणावर मालनबाईंनी गाडी थांबवली, उतरून हार सोडला आणि मिस्त्रींच्या हाती दिला. इंजिनानं एक लांब श्वास घेतला. महामार्गाला लागल्यावर त्यांनी फोन लावला.

"ताई, येतेय मी. माझ्या गाडीनं. दुपारची गोळी मी आल्याशिवाय घेऊ नको, डॉक्टर घेऊन येतेय. आणि तुझ्या चपला कुठं आहेत त्या बघून ठेव."

पलीकडून धापेनं तुटलेला आवाज आला. "चपला कशाला गं? मला उठायला मनाई केलीय."

"कुणी केली? तुझ्या छातीला कान कुणी लावला होता?"

पुढं चाललेल्या चिमणीनं काळा धूर सोडला. मालनबाईंनी काच वर घेतली आणि तिला मागं टाकलं.

"कुणीच नाही," ताई म्हणाली. "काचेवर लाल आलं होतं."

"मग शोध चपला."