जाळीवरचा माणूस

भरतेश चौगुले यांच्या कंपनीने कृष्णेचा महापूर समर्थपणे पेलला आणि सांगलीचे सखल वॉर्ड कोरडे राखले. ही बातमी भरतेशना मिळाली तेव्हा ते कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये एक जुना पंप खोलून बसले होते. बाहेर मार्चचे ऊन रणरणत होते. तो पूर यायला अजून बरीच वर्षे होती.

"आप्पा, आपली जुळी जिंकली," त्यांची मुलगी त्रिशला दारातूनच म्हणाली. वर्कशॉपमधला सर्वांत जुना माणूस दस्तगीर याने हातातला पाना खाली ठेवून कपाळाचा घाम पुसला. "मी बोललो नव्हतो मालक? पाण्यात आपल्याला कोण हरवणार?"

जुळी हा लोकांनी रूढ केलेला शब्द. सरकारी कागदांत त्याला पूर्वचालन म्हणत. पूर्वी सरकारी काम ज्याचा दर सर्वांत कमी त्याला मिळे, आणि पुष्कळदा असा माणूस ते अर्ध्यावर टाकून पळे. दर कागदावर कुणीही कमी लिहितो, पण काम पेलण्याची कुवत कागदावर दिसत नाही, ही खरी अडचण होती. तिच्यावर उपाय सापडला तो वेधशाळेच्या विद्येत. उद्याचे हवामान सांगायचे तर आजचा वारा, दाब, बाष्प यांचे आकडे यंत्राला देतात आणि यंत्रातला काळ पुढे पळवतात. पूर्वचालनात हवेच्या जागी कंपनी असे. तिची यंत्रे, तिची माणसे, त्यांची आजवरची कामे, कोण कशाला घाबरतो आणि कोण कुणाचे ऐकतो, हे सारे यंत्रात भरून त्या कंपनीची एक हुबेहूब जुळी उभी करत. मग कंत्राटाची सगळी वर्षे तिच्याकडून आधीच करवून घेत. एकदा नव्हे, हजारो वेळा, दर खेपेला पाऊसपाणी थोडे बदलून. जिची जुळी सर्वांत चांगले काम करी, तिला काम मिळे.

निर्णय घेणाऱ्या माणसांना मात्र आठवडाभर एका खोलीत बसावे लागे. डोक्यावर तारांची टोपी घालून अवघड प्रसंगांना उत्तरे द्यावी लागत. भरतेश बसले, त्यांच्या हाताखाली कारभार पाहणारी त्रिशलाही बसली. तोंडाने माणूस बढाई मारतो, पण टोपीला ती ओळखता येत असे.

ही पद्धत बसवणाऱ्या गणिती डॉ. शाल्मली हुद्दार सांगलीच्या पूरपंपकेंद्राची निविदा निघण्याआधी तिथे येऊन गेल्या होत्या. लहान उद्योजकांसाठी त्यांनी फुकट वर्ग घेतला. आवाज हळू, पण बोलणे नेमके. त्या म्हणाल्या होत्या की दर सगळ्यात शेवटी भरा, आधी अटी वाचा, आणि ज्या वाचताना डुलकी येते त्या दोनदा वाचा. बिल रखडले तर पगार कशातून देणार ते आधी ठरवा. अनुभवाचे दाखले उसने आणू नका, उसन्या अनुभवाने जुळी पहिल्याच पावसात बुडते. काम मिळावे म्हणून आपण नाही तसे दाखवू नका, कारण मिळाले तर तसेच वागावे लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निविदापूर्व बैठकीत प्रश्न विचारा. तिथे विचारलेल्या प्रश्नावर अटही बदलते, आराखडाही बदलतो. पाकिटे उघडल्यावर काही बदलत नाही.

भरतेशनी हे सारे मन लावून ऐकले, आणि शेवटचे सोडून सगळे पाळले.

त्याला कारण होते. निविदापूर्व बैठकीत तोंड उघडायचे नाही, ही ठेकेदारांची जुनी रीत. ज्याने प्रश्न विचारला त्याने आपले पत्ते दाखवले. बैठकीला मोठमोठ्या कंपन्यांची माणसे आली होती. पूरनियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा विचारले, काही शंका? सगळे चहा पीत राहिले. भरतेशच्या मनात मात्र एक प्रश्न घोळत होता. पंपकेंद्राकडे जाणारा बांधावरचा रस्ता सखल होता. तो पाण्याखाली गेला तर केंद्रावरच्या माणसाने बाहेर कसे यायचे? पण हे विचारले की चौगुल्यांच्या केंद्रावर पुरातही माणूस उभा असतो हे फुटणार. इतर सगळे यंत्राच्या भरवशावर होते. पुरात उसाचे पाचट वाहून येते, पंपापुढच्या लोखंडी जाळीत गच्च बसते आणि यंत्राचा पंजा त्यात गुरफटून बंद पडतो, हे कृष्णाकाठच्या माणसालाच ठाऊक. तिथे लांब दांड्याचा दाताळा घेतलेला माणूस लागतो. हेच तर भरतेशचे हुकमी पान. त्रिशलाने कोपराने ढोसले, "विचारा की ओ." त्यांनी तिचा हात दाबला. तिला हळूच समजावले की आपला प्रश्न म्हणजे दुसऱ्याची तयारी.

करारावर सही होण्याआधी जिंकलेल्याला पूर्वचालन पडद्यावर दाखवण्याचा नियम होता. ठेकेदार त्याला दर्शन म्हणत. भरतेश दर्शनाला गेले ते नवा शर्ट घालून. त्रिशला आणि दस्तगीर बाहेरच्या बाकावर बसले. आत फक्त डॉ. हुद्दार होत्या.

पडद्यावर कृष्णा पसरली होती. वीज गेलेली, पंप जनरेटरवर चाललेले. जाळीवर दस्तगीर, थोडा म्हातारा, पाचटाचे भारे ओढून बाजूला टाकत होता. बांधावरचा रस्ता दिसेनासा झाला. जवळ एक नाव थांबली होती. वायरलेसवर दस्तगीरचा आवाज आला, "मालक, पाणी लई वाढलं. येऊ काय?"

पडद्यावरचे भरतेश काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "जाळी सोडू नको, दस्तगीर."

पंप थांबला नाही. वॉर्ड कोरडे राहिले. नाव दस्तगीरला न घेताच रिकामी परतली. पूर ओसरला तेव्हा जाळीत नुसता त्याचा दाताळा अडकलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात शेरा आला: केंद्र अखंड चालू, काम उत्कृष्ट.

भरतेश म्हणाले की हा मी नाही, दस्तगीर माझ्या भावासारखा आहे. डॉ. हुद्दारांनी वाद घातला नाही. शांतपणे सांगितले की हा पूर ज्या ज्या खेपेला आला, त्यातल्या बहुतेक वेळा पडद्यावरच्या भरतेशनी हेच केले. दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीच्या जुळीने आपला माणूस परत बोलावला. तासाभरात जाळी तुंबली. ती कंपनी तेवढ्यावरच हरली.

"मग मीही बोलावीन की. आत्ताच लिहून देतो."

"तुमचा निकाल लागला त्या दिवशी मंडळानं त्या वॉर्डांत प्रसूतिगृह मंजूर केलं, चौगुले. शाळाही. तिथले लोक आता पुरात घरं सोडणार नाहीत, कारण तुमचे पंप थांबत नाहीत. निवड झाली की जुळीचं वागणं हीच कराराची अट होते. तुम्ही एक माणूस बाहेर काढलात, तर आत किती राहतील?"

भरतेशनी विचारले, रस्ता उंच करता येणार नाही? स्वतःच्या खर्चाने करतो.

डॉ. हुद्दारांनी चष्मा काढला. "बैठकीत कुणी विचारलं असतं तर मंडळानंच केला असता. आता बांधाचा आराखडा गोठलाय. रस्ता उचलला तर पाणी पलीकडच्या वस्तीत वळतं. मी त्या बैठकीला मागे बसले होते. कुणीतरी हे विचारेल अशी वाट पाहत होते."

काम सोडले तर कंपनीचे नाव काळ्या यादीत जाणार होते, आणि वर्कशॉपला दुसरे काम नव्हते. पण भरतेशच्या मनात या घडीला ते नव्हते. वायरलेसवर आपण गप्प राहिलो, ते काही क्षण त्यांना आतून ओळखीचे वाटले होते. त्यांनी विचारले की माणूस तरी बदलता येतो का. डॉ. हुद्दार म्हणाल्या, तेवढे येते, पण बदललेल्या माणसासह पूर्वचालन पुन्हा करावे लागते.

"मग जाळीवर माझं नाव घाला."

"तुम्ही जाळीवर गेलात तर वायरलेसवर कोण?"

भरतेशनी बंद दाराकडे पाहिले. पलीकडून दस्तगीरच्या कुठल्याशा चेष्टेवर त्रिशला हसत असल्याचे ऐकू येत होते. "त्रिशला," ते म्हणाले.

यंत्राला फार वेळ लागला नाही. भरतेशपुढचा चहा अजून गरम होता. पडद्यावर दोनच शब्द उमटले: निकाल कायम.

डॉ. हुद्दारांनी विचारले की पाहायचे आहे का. भरतेशनी मान हलवून नको म्हटले. मग कप खाली ठेवून, बशीची कड अंगठ्याने पुसत विचारले, "ती किती वेळ गप्प राहिली?"

डॉ. हुद्दारांनी आधी खिडकीकडे पाहिले. "तुमच्यापेक्षा कमी."

भरतेशनी शर्टाच्या खिशातून पेन काढून करारावर सही केली. तिला धंदा शिकवताना त्यांनी कधी हातचे राखले नव्हते, आणि पोरगी पक्की तयार झाली होती. हे दोन्ही एकदमच त्यांच्या लक्षात आले.

बाहेर येताच त्रिशलाने विचारले की काय काय दाखवले. पंप चालू होता, असे त्यांनी सांगितले. दस्तगीर म्हणाला की चालू नसायला काय झालं, आणि सगळ्यांना उसाचा रस पाजायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या मागच्या हौदावर भरतेशनी दस्तगीरकडून दाताळा मागून घेतला. म्हणाले, मला शिकव, हात बसायला पाहिजे. दस्तगीर हसला. या वयात हे कुठले खूळ, मालकांनी खुर्चीवर बसावे, असे म्हणाला, पण दांडा कुठे धरायचा ते दाखवले. हौदात भिजवून ठेवलेला पाचटाचा भारा भरतेशनी ओढून पाहिला. तो हलला नाही, उलट त्यांचाच तोल गेला.

त्रिशला ऑफिसच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. ती खाली आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. खांदे धरून तिने त्यांना सरळ केले.

"असं नव्हं, आप्पा," ती प्रेमाने म्हणाली. "पाय रोवून उभं राहा. काही झालं तरी जाळी सोडायची नाही."