आमोद बंगलोरला होता म्हणे

सोनू, मध्ये एक अक्षर बोलू नकोस, नुसतं ऐक.

गणपतीचे दिवस. हिंजवडीहून कंपनीच्या बसनं डेक्कनला उतरले आणि म्हटलं, नारायण पेठेतनं चालत रूमवर जाऊ, देखावे बघत. पाऊस असा भुरभुरत होता ना... भिजवत नव्हता, नुसता गालाला हात लावून जात होता. एका छोट्याशा मंडळासमोर गर्दी, पडदा बंद. तेवढ्यात पडद्याआडून एक मुलगा बाहेर आला. गर्दीवर नजर फिरवली, आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"अहो, तुम्ही... निळ्या ओढणीवाल्या. बायको होता का?"

"काय?"

"देखाव्यात हो! जिवंत देखावा आहे. आमच्या नायिकेचा पाय मुरगळलाय. बोलायचं काही नाही, आवाज सगळा सीडीवर. तुम्ही फक्त ओठ हलवायचे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लोक नावं ठेवतील. पण जमलं तरी ठेवतातच, त्यामुळे टेन्शन घेऊ नका."

आता तूच सांग, अशा माणसाला नाही कसं म्हणणार? नाही नाही, बोलू नकोस, ऐक.

त्याचं नाव आमोद. समोरच त्याच्या बाबांचं, गोपाळकृष्णरावांचं, चष्म्याचं दुकान. देखावा त्यानंच लिहिलेला. एका माणसाचं मन आजारी पडतं, घरचे ते लपवतात. मग बायको त्याला डॉक्टरकडे नेते, तो सावरतो, पुन्हा कामाला लागतो. शेवटी सीडीवर मोठा आवाज येतो, 'मधुमेह सांगता, बीपी सांगता, मग मनाचा आजार का लपवता?' टाळ्या. पडदा. थोड्या वेळानं परत पहिल्यापासून.

तो नवरा, मी बायको. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा एक सीन होता. पहिल्या दिवशी हात नुसता ठेवला गं. मग मग तो... काढावासाच वाटेना.

रोज ऑफिस सुटलं की मी थेट मंडळात. दोन खेळांच्या मध्ये आम्ही पडद्यामागे ताडपत्रीच्या घडीवर बसायचो. गरम भजी, वर पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि पडद्याच्या फटीतून लाल-हिरवे दिवे त्याच्या चेहऱ्यावर...

"तू 'का'च्या जागी 'काहून' म्हणतेस ना," एकदा तो म्हणाला, "तेव्हा तुझे ओठ गोल होतात. सीडीशी मॅच होत नाहीत."

"अकोल्याची आहे मी. सीडीवर कोणी काहून म्हणतच नाही! पण तू माझ्या ओठांकडे बघतोस काहून?"

"दिग्दर्शक आहे. बघावं लागतं."

आणि कानापर्यंत लाल झाला. मी पण झाले असेन.

मग एका संध्याकाळी खेळ संपला आणि पडद्याला लागूनच एका बाईंचा आवाज आला. "देखावा सुरेख आहे हो. पण खऱ्या आयुष्यात अशाला मुलगी कोण देणार?"

आमोदच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

"उत्कर्षा, उद्यापासून मी दुसरं कुणीतरी बघतो. तू येऊ नकोस."

"काहून?"

या वेळी त्यानं ओठांकडे बघितलं नाही. खाली ताडपत्रीकडे बघत म्हणाला, "अख्ख्या पेठेला माहितीये, इंजिनिअरिंगनंतर मी बंगलोरला होतो. आयटी कंपनीत. मी बंगलोर अजून बघितलेलं नाही. मी दवाखान्यात होतो. बायपोलर म्हणतात. कधी मन इतकं वर जातं की झोपच नको वाटते... कधी अंथरुणातून उठवत नाही. आता ठीक आहे, गोळ्या चालू आहेत. पण बाबांनी तेव्हा बंगलोर सांगितलं आणि मीही तेच धरून बसलो."

"आणि लोकांना सांगतोस, लपवू नका?"

"सीडी सांगते. मी ओठ हलवतो."

रात्रभर तळमळले मी, सोनू. भीती वाटलीच गं. आईबाबांचे चेहरे डोळ्यांसमोर येत होते. पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडेच वळले.  मला बघून त्यानं नुसती माझी पडद्याच्या दोरीत अडकलेली ओढणी सोडवली.

रविवार होता, तोबा गर्दी. खेळ रंगात आला आणि सीडी अडकली. 'लपव... लपव... लपव...' आणि बंद! शिट्ट्या, हशा. मागून सीडी लावणारा संभाजी ओरडतोय, "पडदा टाका रे!" आमोदनं हात वर करून त्याला थांबवलं. पुढे आला. आवाज कापत होता, पण त्याचा स्वतःचा होता.

"मी आमोद. समोरच्या दुकानातला. मी बंगलोरला नव्हतो. मी आजारी होतो. ही गोष्ट माझी आहे."

शिट्ट्या थांबल्या. मग कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय गोपाळकृष्णराव, बंगलोर नव्हतं वाटतं?"

दुकानाच्या पायरीवर उभे होते ते. चेहरा पांढराफटक. क्षणभर मला वाटलं, आत जाऊन शटर ओढतात आता. पण ते म्हणाले, "नव्हतं. तुम्ही दर वेळी तिकडची हवा विचारायचात, उगाच त्रास झाला तुम्हाला." आणि गर्दीतून वाट काढत स्टेजला टेकून उभे राहिले.

मला काय झालं माहीत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकशिवाय, मोठ्यांदा म्हटलं, "आणि मी उत्कर्षा. मला हा आवडतो."

टाळ्या! पण पडद्यामागे आल्यावर आमोद हसला नाही.

"टाळ्यांच्या भरात बोललीस तू. उद्या मला डॉक्टरांकडे जायचंय. बरोबर ये. काय विचारायचं ते विचार, सगळं ऐक. मग जावंसं वाटलं तर जा. मी रागावणार नाही."

गेले ना मी! सुट्टी टाकून. एका बाजूला त्याचे बाबा, एका बाजूला मी, मध्ये तो. डॉक्टरबाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. म्हणाल्या, आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. आपल्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, झोप सांभाळायची, आणि आजूबाजूला ज्यांच्यापासून काही लपवावं लागत नाही अशी माणसं हवीत. एवढं जमलं तर कित्येक जण छान संसार करतात. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही यांच्या कोण?"

बाबा म्हणाले, "सांगा, सांगा. मलाही ऐकायचंय."

आमोद खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत होता. कधीचा पुसत होता, त्याच त्या काचा. भीती होतीच गं... तरी मी म्हटलं, "होणारी बायको."

चष्मा खाली पडला! बाबा शांतपणे म्हणाले, "पडू दे. दुकान घरचंच आहे."

हो, अकोल्याला आईला अजून सांगायचंय. आज रात्री फोन करणारे, आणि सगळं सांगणारे, बंगलोर-बिंगलोर काही नाही. पण सोनू, आता बोल... डॉक्टरबाई बघतायत, बाबा बघतायत, तो बघत नाहीये. त्या खुर्चीत तू असतीस, तर काय सांगितलं असतंस?