उजव्या चाकाची फिरकी

दार लावून घ्या रे. घाबरायला नाही, थंडी आत येते म्हणून. आणि तू मोबाइल खिशात ठेव. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीची आहे. खरी कशावरून, असं विचारू नका. मिस्त्री खरं कधी बोलला, तेच तर सांगायचंय.

हिवाळा तोंडावर आला की डोंगरावर जाणाऱ्या सगळ्या जीपगाड्या या मिस्त्रीच्या दारात रांग लावायच्या. रेडिएटरमधलं पाणी काढून न गोठणारं कूलंट भरायचं, बॅटरी तपासायची, चाकांवर चढवायच्या साखळ्या बघायच्या, अशी त्याची कामं. हाताला गुण होता, पण जिभेला हाड नव्हतं. कुणाची गाडी बर्फात रुतली की हा खदाखदा हसायचा. म्हणायचा, "गाडी शहाणी असते हो. गाढव असतो तो स्टिअरिंगमागे."

त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वरच्या वस्तीवर औषधं पोचवायचा. जीप जुनी. तिच्या प्रत्येक पुढच्या चाकाच्या मधोमध एक फिरकी असते. खाली उतरून दोन्ही फिरक्या हाताने फिरवून लॉक केल्या, तरच पुढची चाकं जोर लावतात. एक जरी सुटी राहिली, तर चार चाकांची गाडी दोन चाकांचीच. म्हणून हिवाळ्याआधी त्या खोलून जुनं ग्रीस पुसायचं आणि पातळ ग्रीस भरायचं. जुनं ग्रीस थंडीत घट्ट होतं, आणि मग फिरकी जागची हलत नाही.

त्या वर्षी मिस्त्रीने डावी फिरकी खोलली. उजवीचा एक बोल्ट अडून बसला. संध्याकाळ झाली होती, पोटात कावळे ओरडत होते. त्याने ती नुसती हाताने फिरवून पाहिली. छान फिरली. फिरणारच की! गॅरेजच्या उबेत सगळंच लोण्यासारखं फिरतं. दादा आला तेव्हा हा म्हणाला, "दोन्ही केल्यात. डोळे झाकून जा."

आठवड्याभराने दादा डोंगरातल्या वळणावर सापडला. गाडी रुतलेली, तो गाडीबाहेर, थंडीने गेलेला. डावी फिरकी लॉक होती. उजवी सुटी. लोकांनी कुणाला विचारावं? मिस्त्रीलाच. त्याने सगळ्यांच्या आधी उजव्या फिरकीला हात लावला होता. तसूभर हलली नव्हती ती. दादाच्या उजव्या तळव्याची कातडी का सोलली होती, हेही त्या क्षणी त्याला कळलं. गोठलेल्या लोखंडाला उघडा हात लावला की तो चिकटतो.

तरी तो म्हणाला, "एक लावली, दुसरी राहिली. कंटाळा केला असेल दादाने."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "गाडीत काही नव्हतं ना, भावजी?"

"गाडी ठणठणीत होती, वहिनी."

मेलेला माणूस थोडाच भांडायला येतो! त्या दिवसापासून गावात दादाचं नाव निघालं की लोक म्हणायचे, बिचारा, पण आळशीपणा नडला. मिस्त्री मान खाली घालून ऐकायचा. त्याचं हसणं बंद झालं. वहिनी त्याला जेवायला बोलवायची. तिने आग्रह करून पोळी वाढली की त्याला ताटावरून पळून जावंसं वाटे. स्वतःची लाज वाटायची, पण खरं सांगायचं तो रोज उद्यावर ढकलायचा.

वर्ष झालं. वहिनी परिचारिका होती. वरच्या वस्तीवर एका बाईचे दिवस भरत आले होते आणि रस्ता बंद व्हायच्या आत तिच्याजवळ पोचायला हवं होतं. वहिनी मिस्त्रीला म्हणाली, "त्यांची जीप तयार करा. मीच चालवीन. मी त्यांच्यासारखा आळस करणार नाही."

ते वाक्य मिस्त्रीच्या काळजात घुसलं. त्याने गाडीचा स्क्रू न् स्क्रू तपासला. अडलेला बोल्ट कापून काढला. दोन्ही फिरक्या धुतल्या, नवं ग्रीस भरलं. पण गॅरेजच्या उबेवर आता त्याचा विश्वास नव्हता. डिसेंबरातला दुसरा शनिवार होता तो. रात्री सव्वाअकराला, थंडी अगदी कडक पडल्यावर, तो जीप घेऊन डोंगरात निघाला. फिरक्यांची परीक्षा खऱ्या थंडीतच घ्यायची होती.

दादा सापडला त्या वळणावर बर्फ सगळ्यात जास्त. तिथेच थांबला. इंजिन बंद केलं, थंडीत परत सुरू होतं का ते बघायला. दिवे चालू ठेवले. हातमोजे घातले. उतरला.

डाव्या चाकाशी बसला. फिरकी फिरवली.

कट्.

छान बसली. त्याला बरं वाटलं. तो उठला...

कट्.

आवाज पलीकडून आला. उजव्या चाकाकडून.

मिस्त्री जागीच उभा राहिला. इंजिन गार होताना लोखंड वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. पण फिरकीचा आवाज मिस्त्री ओळखणार नाही, तर कोण ओळखणार?

कट्... सुटली.

कट्... लागली.

सावकाश. कुणीतरी पुन्हा पुन्हा फिरवून बघत होतं. नीट फिरते का. खरंच फिरते का.

"कोण आहे?"

...

"दादा?"

आवाज थांबला. वारा नव्हता. बर्फावर पाऊल वाजलं नाही. मधे फक्त बॉनेट. पलीकडे वाकून बघायचं धाडस त्याला होईना.

मग त्याच्या तोंडून निघालं, "दादा... मी ती खोललीच नव्हती रे."

काही नाही. नुसती शांतता. रागावलं असतं कुणी, तरी बरं वाटलं असतं.

त्याने पलीकडे पाहिलंच नाही. गाडीत चढला. इंजिन लागलं. चारही चाकांनी बर्फ धरला आणि जीप वळण चढून पुढे गेली. याचा अर्थ त्याला लगेच कळला. उजवी फिरकी लॉक होती. त्याने तिला हात लावला नव्हता.

भीती वाटत होतीच. पण पोरांनो, लाज भीतीपेक्षा मोठी असते. वर गाडी वळवून तो खाली आला. जीप गॅरेजमध्ये लावली, कुलूप घातलं आणि तडक वहिनीचं दार वाजवलं. सगळं सांगितलं. बोल्ट, भूक, "दोन्ही केल्यात", सगळं.

वहिनी चौकटीला धरून उभी होती.

"म्हणून हात तसा होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "वर्षभर मी त्यांना शिव्या घातल्या, भावजी. रोज. दोन मिनिटं उतरायचा कंटाळा केला आणि मला टाकून गेले म्हणून."

"वहिनी..."

"मला नका सांगू आता. लोकांना सांगा."

तिने दार लावलं.

सकाळी पेट्रोल पंपावर गाव जमलेलं असतं. मिस्त्री तिथे उभा राहिला आणि बोलला. कुणी त्याच्याकडे बघेना. एक म्हातारा तेवढा त्याच्या पायाशी थुंकला. मिस्त्रीने पाय मागे घेतला नाही.

मग वहिनीला घेऊन तो जीप द्यायला गॅरेजमध्ये आला. कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात. वहिनीने जीपचं दार उघडलं आणि थबकली.

मिस्त्री बुटका. सीट पुढे ओढल्याशिवाय त्याचे पाय क्लचला पुरत नाहीत; रात्री त्याने ती तशीच पुढे ओढून जीप चालवली होती. आता ती सीट पार मागे होती. शेवटच्या खाचेपर्यंत. दादा उंच होता. तो तेवढीच मागे घ्यायचा.

"तुम्ही सरकवलीत?" वहिनीने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही. सीट पुढे ओढायला तो वाकला.

"राहू द्या," ती म्हणाली.

ती घरी जाऊन दोन उशा घेऊन आली, त्या पाठीशी लावल्या आणि वस्तीकडे निघाली. पुढे किती हिवाळे तिने ती जीप चालवली. उशा झिजल्या, बदलल्या. सीट मात्र तिने पुढे घेतली नाही.