तादेओची बहीण

काम तसं दोन मिनिटांचं होतं. खोलीतला ओलावा शोषणारं यंत्र बंद पडलंय का ते बघायचं, पडलं असेल तर बटण दाबायचं, कुलूप लावायचं आणि घरी यायचं. अनघाला त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. त्या घरात ती चार वर्षं काम करत होती.

आर्यन, निखाऱ्यांवर पाणी ओतू नकोस, असू देत. कादंबरी, तू इकडे सरक. समुद्राकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. ही गोष्ट कुठून उडत आलेली नाही. अनघा मला काका म्हणते. तन्मय तिचा नवरा. दोघांकडून मी ती वेगवेगळी ऐकलीय, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. तन्मय हिशेबी माणूस आहे, तो उगाच काही बोलत नाही.

साल दोन हजार एकोणीस. सप्टेंबरातला तिसरा शुक्रवार. इंडोनेशियातली जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर इथे सिंगापूरपर्यंत आला होता. तुम्ही तेव्हा लहान होतात, घरात कोंडून ठेवलं होतं तुम्हाला. दुपारीसुद्धा समोरचा ब्लॉक नीट दिसेना. त्या रात्री साडेअकराला अनघाच्या फोनवर घंटा वाजली. स्टुडिओतला ओलावा वाढतोय म्हणून. दोघं जवळच्याच कॉफी शॉपमध्ये जेवत होते. ती म्हणाली, "तू कॉफी संपव, मी आलेच."

आता तिचं काम काय, ते सांगतो. जुनी चित्रं दुरुस्त करायची. पुण्यात शिकली, मग इटलीत जाऊन शिकली. वन-नॉर्थला ती काचेची ऑफिसं आहेत ना, त्यांच्या मागच्या झाडीत इंग्रजांच्या वेळची पांढरी दुमजली घरं आहेत. त्यातल्या एकात वरच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ. आणि त्या दिवसांत तिच्यासमोर ईझलवर एकच चित्र होतं. तादेओ वेर्गानीचं.

हा तादेओ चारशे वर्षांपूर्वीचा. जेनोआ बंदरातला. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीने मासळी विकून त्याला वाढवलं. पोरगा हुशार, पण डोकं तापट. गुरूच्या अंगावर रंगाचं भांडं फेकून पळाला, आणि तरी पंचविशीत सगळं शहर त्याच्या दाराशी. मग तिथल्या एका बड्या ड्यूकने चर्चसाठी चित्र सांगितलं. क्रुसाखाली उभी असलेली मेरी माता. तादेओने मेरी म्हणून कोणाला उभं केलं? बहिणीला. तिच्या नवऱ्याने मारून मारून तिचं नाक मोडलं होतं. तादेओने नाक मोडलेलंच रंगवलं.

ड्यूक भडकला. "देवाच्या आईचं नाक असं असतं?"

तादेओ म्हणाला, "जिचा मुलगा खिळ्यांवर टांगला, तिचं नाक तेवढं शाबूत राहिलं असतं होय?"

चेहरा बदल म्हणाले, बदलला नाही. तुरुंगात टाकलं, तरी नाही. मग त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली, एकेक करून. हा बाहेर आला, डाव्या हाताने रंगवायला शिकला, आणि पुढे राजेरजवाडे त्याच्या मागे लागले इतकं नाव काढलं. जिथे गेला तिथे भांडला. कोणापुढे वाकला नाही. शेवटी कुठल्याशा जहाजावर तापाने गेला. पण इकडे जेनोआत ड्यूकने दुसऱ्या चित्रकाराला बोलावून त्या मेरीवर एक गुलाबी, गोंडस चेहरा चढवला होता. बहीण खाली गाडली गेली. चारशे वर्षं कोणाला पत्ता नाही.

ते चित्र फिरत फिरत आलं अनिमेषकडे. अनिमेष म्हणजे रॅफल्स प्लेसच्या उंच ऑफिसांतला एक बडा साहेब. उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. नव्या घराच्या पूजेला, रविवारी, पाहुण्यांसमोर चित्रावरचा पडदा बाजूला करायचा होता त्याला. अनघाला एक्स-रेमध्ये खालचा चेहरा दिसला. तिने कापसाच्या बोळ्याने वरचा रंग उतरवायला घेतला. एक डोळा निघाला, मोडलेलं नाक निघालं, आणि तेवढ्यात अनिमेष बघायला आला.

"ये क्या कर दिया? मैंने देवी ख़रीदी थी, ये कौन है? ढक दो इसे."

अनघाने समजावलं. तो ऐकेना. म्हणाला, सिंगापुरात जुनी चित्रं घेणारी माणसं मोजकी आहेत, सगळी माझ्या टेबलावर जेवतात. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने गुलाबी रंग कालवला आणि आधी तो डोळा पुन्हा झाकला, नाक उद्यावर ठेवलं. ब्रश धुताना तिला स्वतःचीच किळस आली. तशीच जेवायला गेली, आणि घास काही उतरत नव्हता. म्हणूनच ती घंटा वाजल्यावर लगेच उठली.

"काका, डोन्ट ब्लफ ला," म्हणू नकोस आर्यन, थापा नाही मारत मी. अजून भूत आलेलं नाही.

ती जिना चढून वर गेली. कुलूप जागच्या जागी. दार उघडलं, दिवा लावला. यंत्र सुरू होतं, घुर्रघुर्र चाललं होतं. पण त्याचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरून वाहत होतं. संध्याकाळीच तिने ते रिकामं केलं होतं. एवढं पाणी हवेतून आलं कुठून, म्हणून ती वाकली. भांड्यातलं पाणी बोटाला लागलं, बोट नकळत ओठाला लागलं.

खारट.

मग वास आला. बाहेरच्या धुराचा नव्हे. मासळीचा. बंदरावर पहाटे येतो तसा.

ती सरळ उभी राहिली. चित्राकडे बघितलं. आणि...

डोळा उघडा होता.

तिने झाकलेला डोळा. वरचा गुलाबी रंग कोणीतरी खरवडून काढला होता. त्याच्या ओल्या साली ईझलखाली पडल्या होत्या.

खर्र...

आवाज चित्राच्या मागून आला.

खर्र... खर्र...

अनघा हलली नाही. नजर तेवढी खाली गेली. कॅनव्हासच्या खाली, ईझलच्या पायांमध्ये... दोन पाय होते. उघडे. ओले. टाचांना भेगा. पायांभोवती पाण्याचं थारोळं, आणि ते तिच्याकडे सरकत होतं. हळू... हळू.

ती किंकाळी फोडणार, तेवढ्यात...

चित्राच्या कडेवरून एक हात आला. उजवा. बोटं चारी दिशांना वळलेली. एकही बोट जिथे असावं तिथे नाही. त्या हाताने चौकट धरली. मग दुसऱ्या बाजूने डावा हात आला. त्यात सुरी. सुरी चेहऱ्यावर टेकली.

खर्र...

गुलाबी गाल सुटला.

खर्र...

हनुवटी सुटली. हात थांबेना. जोर वाढला. कॅनव्हास थरथरायला लागला. सुरी ओठांशी आली. आणि तिथे खालच्या खऱ्या रंगाचा एक कण उडाला. तांबूस, जुना.

तो कण उडालेला अनघाने बघितला, आणि पोरांनो, तिची भीती गेली. कुठे गेली ते तिलाही सांगता येत नाही. चार वर्षं जिला चित्रं जिवापाड जपायची सवय, तिच्यासमोर कोणी चित्राला ओरखडा काढतंय! ती तडक पुढे झाली आणि खणखणीत मराठीत ओरडली,

"ए! थांब! ते तुझंच काम आहे. तुझ्याच बहिणीचं तोंड खरवडतोयस. राग मोठा असेल तुझा, पण ओठांना हात लावलास तर बघ!"

सुरी थांबली.

यंत्राची घुर्रघुर्र थांबली. बाहेरचे रातकिडे थांबले. काहीच ऐकू येईना.

मग ती मोडकी बोटं चौकटीवरून उचलली गेली... आणि तिच्या हाताकडे वळली. तिच्या नखांकडे. नखांत गुलाबी रंग होता.

अनघाने हात मागे लपवला नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच झाकला तो डोळा. भ्याले होते. त्या माणसाला भ्याले, आणि आता तुलाही भ्यावं असं तुला वाटतंय. पण मी आता कोणालाच भिणार नाही. उतरवायचं ते मीच उतरवीन, माझ्या पद्धतीने. तू सुरी खाली ठेव."



ठण्. सुरी जमिनीवर पडली.

हात गेले. पाय गेले नाहीत. ते तिथेच राहिले, चित्रामागे. अनघाने खुर्ची ओढली, कापूस गुंडाळला, द्रावणाची बाटली उघडली आणि कामाला बसली. तिच्यासमोर, एका कॅनव्हासच्या अंतरावर, कोणीतरी श्वास घेत होतं. ती बोळा फिरवायची... श्वास थांबायचा. ती बोळा उचलायची... श्वास सुटायचा.

थोड्या वेळाने फोन वाजला. तन्मय. "अगं, आहेस कुठे?"

"तू घरी जा," ती म्हणाली. "मी सकाळी येते."

तिचा आवाज ऐकून तो घरी कसला जातोय! धावत आला. दाराच्या आत मात्र त्याला पाऊल टाकवेना. त्याला दिसलं काहीच नाही. मासळीचा वास आला, आणि दोन माणसांचे श्वास ऐकू आले. तो उंबऱ्यावर बसला तो उजाडेपर्यंत तिथेच.

पहाटे कधीतरी दुसरा श्वास बंद झाला. अनघाने शेवटचा बोळा टाकला आणि मान वर केली. समोर चित्रात एक बाई उभी होती. नाक मोडलेलं, उजवी भुवई फाटलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर अशी की ड्यूकच काय, देवानेही खाली बघावं. अनघाने नियमाप्रमाणे तिचे फोटो काढले. जमीन कोरडी होती. रडूबिडू आलं नाही तिला. म्हणाली, काका, मला कडकडून भूक लागली होती.

शनिवारी सकाळी अनिमेष आला. चित्र बघून लालेलाल झाला.

"आप जानती हैं आप किससे बात कर रही हैं?"

"जानती हूँ. आप भी जान लीजिए ये किसका चेहरा है. इस पर अब मेरे हाथ से रंग नहीं चढ़ेगा. किसी और से चढ़वाना हो तो ले जाइए, मैं सबको बताऊँगी कि नीचे कौन है."

"सिंगापुर में फिर कोई आपको काम नहीं देगा."

"तो नहीं देगा."

आमंत्रणं गेली होती, दुसरा माणूस मिळायला वेळ नव्हता. संध्याकाळी तो चित्र तसंच घेऊन गेला. आणि शब्दाचा पक्का निघाला तो. अनघाचं काम खरंच बंद झालं. पुढचं दीड वर्ष तिने इथे सेम्बावांगमध्ये मुलांना चित्रकला शिकवली. मग बाहेरच्या देशांतून कामं यायला लागली, आता तिला सवड नसते. पण त्या दीड वर्षात एकदाही तिच्या तोंडून "चुकलं" असं मी ऐकलं नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण त्याच वर्षीची दिवाळी उलटली आणि एका दुपारी अनिमेषचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक झालेला.

"मैडम... आपने उसका मुँह क्यों खोला?"

अनघाला कळेना. ती त्याच्या घरी गेली. घरातली माणसं दिवाणखान्यात यायची बंद झाली होती. तिला एकटीलाच आत पाठवलं.

भिंतीवर तादेओची बहीण होती. तेच नाक. तीच नजर. पण ओठ मिटलेले नव्हते. विलग झाले होते. एखादा शब्द उच्चारायला सुरुवात करावी, तसे. आत खालचे दोन दात दिसत होते.

अनघाने फोनवरचा त्या पहाटेचा फोटो उघडला. ओठ मिटलेले. फोनवरचाच जुना एक्स-रे उघडून बघितला. मिटलेले. मग भिंग घेतलं आणि त्या दातांजवळ नेलं. बाकीच्या चेहऱ्यावर होत्या तशाच केसासारख्या बारीक भेगा दातांवरही होत्या. शतकं लागतात तशा पडायला, नव्या रंगावर पडत नाहीत. आणि त्यांच्यावर वार्निशचा थर होता. शनिवारी चित्र देण्यापूर्वी तिने स्वतःच्या हाताने दिलेला. सलग. कुठेही न तुटलेला.