टिटवी कुणाची?

हे लिहून ठेवायचंच नाही, असं समाधानने जवळजवळ ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसून टाकली. यात संतापण्यासारखं भरपूर आहे, पण त्यातला थोडा संताप स्वतःच्या वाट्याला येतो, आणि तो लिहिताना हात अडतो. तरी पण सांगायलाच हवं. नाहीतर येवल्यात जे बोललं जातंय तेच खरं ठरेल.

झालं असं की तेजलला घरी रंगीत प्रिंटर घ्यायचा होता. तेजल म्हणजे समाधानची शाळेपासूनची मैत्रीण. तिची आई, छायामावशी, पैठणी विणते. समाधान कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे असलं सगळं जोडून देतो. कॉलेजात शिकला नाही. मशीन उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून शिकला.

"साधा शाईचा घे ना, स्वस्तात येतो," समाधान म्हणाला.

"शाईचा होता आमच्याकडे. ग्राफवर आईचं घामाचं बोट लागलं की हिरव्याचा निळ्यात चिखल. मग ती तिसऱ्याच रंगाचा धागा भरते आणि मला शिव्या देते."

ग्राफ म्हणजे चौकटींचा कागद. एक चौकट म्हणजे एक टाका, आणि चौकटीचा रंग तोच धाग्याचा रंग. असे कागद एकमेकांना चिकटवून मागावर ताण्याखाली, म्हणजे उभ्या धाग्यांखाली, सरकवतात आणि वरून बघत बघत पदर विणतात. एक रंग चुकला की हातभर विणलेलं उसवावं लागतं.

"मग लेसरच पाहिजे," समाधान म्हणाला. "त्यात ओली शाई नसतेच. रंगाची कोरडी पूड असते, ती तापवून कागदावर वितळवतात. बोट लावा, चहा सांडा, काही होत नाही."

दोघांनी आठवडाभर शोधाशोध केली. एकाची पूड महाग, एकाचा ड्रम, म्हणजे पूड कागदावर उतरवणारा रूळ, लवकर जायचा, एकाला स्कॅन करायची काचच नव्हती. शेवटी 'वर्णदीप' नावाचा घेतला. खोका आला तेव्हा छायामावशी म्हणाली, "एवढा मोठा? ह्याला जेवायला पण द्यायचं का?"

समाधानने तो मागाच्या खोलीत ठेवू दिला नाही. रेशमाची लव पंख्यातून आत जाते आणि ड्रमवर बसते. पुढच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे, भक्कम टेबलावर ठेवला. नारिंगी पट्ट्या काढल्या, चारही रंगांच्या नळकांड्या हलवून बसवल्या. मायलेकी चहा करायला आत गेल्या. समाधान फोनवर जोडणी करत बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तोपर्यंत घरातल्या रंगीत प्रिंटरमध्येसुद्धा पारखी चिप सक्तीची झाली होती. आधी ती फक्त नोटा ओळखायची. काचेवर नोट ठेवली की मशीन अडून बसायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग नमुनाकोश आला. जगभरातली चित्रं, छाप, नक्षी, ज्याची ज्याची नोंद आहे त्या सगळ्याचा साठा. आता प्रिंटर प्रत्येक पान छापण्याआधी कोशाला विचारतो, हे कुणाचं? कुणाचंच नसेल किंवा तुमचंच असेल, तर छापतो. चोरी थांबावी म्हणून हे केलं असं सगळे सांगायचे. समाधानपण गिऱ्हाइकांना तेच सांगायचा.

चार दिवस प्रिंटर झकास चालला. विजेचं बिल, तेजलच्या मामेभावाचा बायोडाटा, काय काय छापलं. पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"तुझं मशीन वेडं झालंय. आईची टिटवी छापत नाहीये."

छायामावशीच्या टिटवीवरून गल्लीत आधीच खूप चेष्टा झाली होती. पैठणीच्या पदरावर मोर असतो, पोपट असतो, कमळ असतं. मावशीने काढली टिटवी. माळावरच्या खड्यांत अंडी घालून, पंख फुगवून समोरच्यावर धावून जाणारी. "टिटवी ओरडली तर लोक दार लावून घेतात आणि ही बया ती पदरावर घेणार," असं पुष्पाताई म्हणाल्या होत्या. पुष्पाताई गल्लीतल्या विणकर बायकांच्या संस्थेच्या अध्यक्ष. पण कागदावर तो पक्षी पाहिला आणि त्याच गप्प झाल्या. म्हणाल्या, नऊ मागांवर हीच लावू, आणि प्रदर्शनात नऊच्या नऊ टिटव्या पाठवू. त्यासाठी ग्राफच्या नऊ प्रती हव्या होत्या. प्रिंटर त्यासाठीच घेतला होता.

समाधान पोचला तेव्हा पडद्यावर अक्षरं होती: 'हा नमुना नोंदणीकृत आहे. मालक: वर्णदीप कंपनी. आपणास छपाईचा हक्क नाही.'

"म्हणजे काय?" छायामावशीने विचारलं.

"म्हणजे मशीन म्हणतंय की टिटवी त्यांची आहे."

"कुणाची?"

"ज्यांचा प्रिंटर, त्यांची."

मावशी हसलीच. "त्यांना म्हणावं, टिटवी डाव्या पायावर भार देते की उजव्या, एवढं सांगा. मी आठ दिवस माळावर बसून बघितलंय."

समाधानने मशीन बंद करून चालू केलं. फाइलचं नाव बदललं. चित्र आडवं केलं, उलटं केलं. पारखी चिपला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही. ती रेघांची नाती ओळखते. मग तो आणि तेजल स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याही मशीनने तेच सांगितलं. तो कागद परत देताना म्हणाला, "ताई, नेटवरून उचललेलं काही आणू नका हो. माझं लायसन जाईल."

तेजल तिथेच पेटली. "उचललेलं? माझ्या आईने पेन्सिलीने काढलंय ते!"

"मी कुठे नाही म्हणतो? पण मशीन खोटं कशाला बोलेल?"

हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत त्यांनी इतक्या तोंडांतून ऐकलं की समाधानच्या कानाला फोड यायचे बाकी राहिले. मशीन खोटं कशाला बोलेल! माणूस तीस वर्षं एकाच गल्लीत राहतो, विणतो, पोरं वाढवतो, आणि त्याच्या शब्दाला किंमत नाही. काल खोक्यातून निघालेल्या डब्याला आहे.

तेजलने कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाज होता, माणसाचा नसलेला.

"आपली अडचण आम्ही समजू शकतो. हा नमुना वापरण्याचा परवाना आपल्याला आत्ता, विनामूल्य देता येईल."

"विनामूल्य? आणि बदल्यात?"

"साडीच्या चिठ्ठीवर 'नमुना: वर्णदीप' असं छापावं लागेल. आपण 'मान्य' म्हणालात तर छपाई लगेच सुरू होईल."

मावशी पाठीमागे उभी राहून ऐकत होती. तिने तेजलच्या हातातून फोन घेतला. "बाई, तू जी कोण असशील ती. मान्य नाही." आणि ठेवून दिला.

पुष्पाताईंना हे पटलं नाही. "छाया, एक चिठ्ठीच तर आहे. नऊ माग रिकामे बसलेत."

"चिठ्ठी कशाला लावू? माझी आहे ना ती?"

पुष्पाताई जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझीच आहे ना पण? नाही, म्हणजे... कधी कधी बघितलेलं डोक्यात राहतं आणि माणसाला वाटतं आपलंच."

मावशी उठली. आत जाऊन मागावर बसली आणि रिकाम्या ताण्यावरून हात फिरवत राहिली. तेजलने ते समाधानला सांगितलं. "परका म्हणाला असता तर आई भांडली असती. पुष्पाकाकीने तिला विणायला शिकवलंय रे."

मग तेजलने हट्टाने ठरवलं, छापायचंच नाही, हाताने उतरवायचं. बायका दुपारभर बसल्या, चौकटी मोजून मोजून रंगवल्या. चार प्रती झाल्यासुद्धा. तेवढ्यात कुणीतरी सहज तयार कागदाचा फोटो काढला. फोनही हल्ली कोशाला विचारतो; पडद्यावर लाल पट्टी आली: 'नक्कल असण्याची शक्यता.'  गिऱ्हाईक हल्ली साडी घेण्याआधी पदराचा फोटो काढतंच, अस्सल की नक्कल बघायला. म्हणजे हाताने उतरवा, हाताने विणा, सहा महिने पाठ मोडून घ्या. शेवटी जगातला प्रत्येक फोन सांगणार की ह्या येवल्याच्या बायका चोर आहेत. दोघींनी पेन्सिली खाली ठेवल्या.

त्या संध्याकाळी समाधानने कोशातली नोंद उघडून पाहिली. कुणीही पाहू शकतं, फक्त कुणी पाहत नाही. टिटवीचं चित्र होतं. खाली तारीख, वेळ, आणि 'प्राप्तीचा मार्ग: रंग-जुळवणी'. चित्राच्या कोपऱ्यात एक पुसट पेन्सिलची खूण राहिली होती. मावशीने 'इथे रामा रंग' असं लिहून खोडलेलं. जे कंपनी आपलं म्हणून मिरवत होती, त्यात मावशीचं अक्षर होतं.

तारीख जोडणीच्या दिवसाची होती. वेळ, मायलेकी चहाला आत गेल्या त्या वेळेची.

 समाधानला सगळं आठवलं. जोडणी करताना मशीनने रंग जुळवायला नमुना मागितला होता. खोक्यात त्यासाठी एक रंगीत कार्ड येतं, ते काचेवर ठेवायचं असतं. पण त्या कार्डावर सपक लाल आणि सपक हिरवा. रामा नाही, मोरपंखी नाही, डाळिंबी नाही. समाधानला वाटलं, ज्या रंगांसाठी घेतलाय त्याच रंगांवर जुळवू, मावशी खूश होईल. शेजारी मावशीचा मूळ कागद होता. त्याने तो काचेवर ठेवला. पडद्याने विचारलं, 'हे आपलं स्वतःचं काम आहे का?' खाली बारीक अक्षरांत अजून तीन पानं होती; जुळवणीला दिलेला नमुना कंपनीचा होतो, हे त्यांतच कुठेतरी. त्याने 'हो' दाबलं. मग 'मान्य', 'मान्य', 'मान्य'.

आपण रोजच दाबतो.

तो दोन दिवस गप्प राहिला. हे लिहायला लाज वाटते, पण राहिला. कारण त्या तीन पानांत, आता वाचल्यावर कळलं, असंही होतं की खोटा दावा करणाऱ्या जोडणीकाराचं खातं कायमचं बंद होईल. आणि त्या खात्याशिवाय हल्ली कुठलंच मशीन सुरू होत नाही. म्हणजे त्याचं पोट त्यावर. तक्रारीचा फॉर्म मावशीच्या नावाने भरला तर उत्तर ठरलेलं: दावा करणाऱ्याने काम स्वतःचं असल्याचं आधीच कळवलं आहे. दावा करणारा तोच होता. ते एक 'हो' मागे घेऊ शकणारा माणूस जगात एकच, आणि तो घरात पांघरूण घेऊन पडला होता.

तिसऱ्या दिवशी तो तेजलच्या घरी गेला. ती ओट्यावर बसून रंगवलेल्या प्रती गुंडाळत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तेजलने गुंडाळी खाली ठेवली. "तू 'हो' म्हणालास. माझ्या आईच्या कागदाला. 'माझं आहे' म्हणून."

"हो."

"आणि दोन दिवस सगळा गाव तिला चोर म्हणत होता, ते ऐकत बसलास."

"हो."

"मूर्ख आहेस तू, सम्या. मूर्ख, आणि वर भित्रा."

त्याने मान हलवली.  मग म्हणाला, "रंग जुळवताना मशीनने टिटवीचं एक चाचणीचं पान छापलं होतं. तुझ्याकडे आहे का?"

"आई कागद टाकते का कधी? त्याच्या पाठीवर किराणा लिहिलाय."

तिने ते शोधून आणलं. समाधानने त्यावर निळा टॉर्च मारला. कागदभर टाचणीच्या टोकाहून बारीक पिवळे ठिपके गडद होऊन उठून दिसले. रंगीत लेसर प्रिंटर प्रत्येक पानावर असे ठिपके टाकतो. त्यात मशीनचा नंबर आणि वेळ असते. गुन्हेगार सापडावा म्हणून ही सोय.

"हे पान सांगतं की टिटवी ह्याच घरात, ह्याच मशीनवर, कोशात नोंद होण्याच्या तीन मिनिटं आधी होती," तो म्हणाला. "आणि मी सांगायचं की ती माझी नव्हती. मी खोटं 'हो' दाबलं. जे माझं नव्हतंच ते मी त्यांना देऊ कसा शकतो? नाशिकला त्यांचं तक्रार केंद्र आहे. दावा करणारा स्वतः हजर झाला तर त्यांना ऐकून घ्यावं लागतं. सोमवारी जातो."

"तुझं खातं जाईल."

"जाईल."

"मग खाशील काय?"

"मावशीकडे रंग भरायला बसेन. शिव्या देईल, पण जेवायला घालेल."

तेजल हसली नाही. आतून मागाचा आवाज येत नव्हता; मावशी अजून काही विणत नव्हती. तेजलने ते चाचणीचं पान हातात घेतलं.

"आणि तिथे समोर माणूसच नसला तर? तोच गोड आवाज असला, आणि म्हणाला की आपली अडचण आम्ही समजू शकतो, तर?"

  समाधानने टॉर्च बंद केला.

"आधी आत जाऊन मावशीला सांगतो. तिला काय बोलायचंय ते बोलू दे," तो म्हणाला. "मग सोमवारी तिथे जाऊन बसतो. हाडामांसाचा माणूस समोर येऊन ऐकेपर्यंत उठणार नाही. एक दिवस लागो, महिना लागो. शब्द देतो तुला, तेजल."