चुन्याचा ठिपका

पंचफुलाबाईनं मला भट्टीतून नांगराचा एक फाळ आणायला पाठवलं होतं. काम एवढंच. सूर्य बुडायला हातभर उरला होता, वैशाखातली अमावस्या होती, आणि तिचा नवरा रखमाजी लोहार जाऊन अकरा दिवस झाले होते.

आधीच सांगतो, मला गोष्टी रंगवता येत नाहीत. शाळा तिसरीपर्यंत. झालं ते सांगतो. पटलं तर ऐका, नाहीतर उठा, दिव्यातलं तेल तरी वाचेल.

साल चौऱ्याहत्तर. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत. गाव सेनगावपासून दोन कोसांवर. दुष्काळात मी सुतकीनं, दगड फोडायच्या हातोड्यानं, खडी फोडली होती, त्यामुळे मारणं आपल्याला येतं असा माझा समज. दुष्काळ सरला, काम गेलं. मग रखमाजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आमची वस्ती बुद्धविहाराकडची. लोहार आमच्यातल्याला घण शिकवतो म्हणून गावात कुजबुज झाली. गावातला बडा शेतकरी अमृतराव, त्यानं तर तोंडावर विचारलं. रखमाजी म्हणाला, "मालक, तुमच्यातलं कोन येऊन राहिलं घण उचलाया? पाठवता? मंग गप बसा."

लोहारकीला दोन माणसं लागतात. एक ऐरणीपाशी बसतो. डाव्या हातात सांडशी, सांडशीत तापलेलं लोखंड, उजव्या हातात लहान हातोडी. दुसरा पुढं उभा राहून घण मारतो. तोंडानं बोलायचं नाही. बसलेल्यानं हातोडीनं टक केलं, म्हणजे इथं मार. टक टक, म्हणजे जोरात. आणि हातोडी आडवी करून ऐरणीवर घासली, खर्र, की थांब. घण हवेत असला तरी थांब.

मला त्यानं लोखंड दिलंच नाही. एक चिंचेचा ओंडका दिला. रोज सकाळी त्यावर बोटानं चुन्याचा ठिपका काढायचा, पैशाएवढा, आणि म्हणायचा, मार. दिवसभर मी त्या ठिपक्यावर घण उतरवायचो आणि तो मागं बसून हातोडी वाजवायचा. हाताला फोड आले, फुटले, त्यावर हळद बांधली. दोन महिन्यांनी घण ठिपक्याबाहेर जाईना.

"काका, आता तरी लोखंड द्या."

"अजून न्हाई."

"काहून? चुकतो का कुठं?"

"उतरतो बराबर. फिरत न्हाई." तो शांतपणे म्हणायचा. "खाली आनायला काय लागतं रे? जमीनच वढते. वर गेलेला घण खर्र ऐकल्याबराबर कडंला टाकता आला, तवा तू शिकला. न्हाईतर खडीच फोड."

हे मला जमत नव्हतं. घण डोक्यावर गेला की आतून काहीतरी सुटायचं. दहादा खर्र झालं तर दहादा घण ओंडक्यावर. तो पुसायचा, नवा ठिपका काढायचा. "अजून न्हाई." चार महिने हेच. माणसाला राग येणार की नाही?

मग मृग जवळ आला, कामं साचली, आणि त्यानं नाइलाजानं मला ऐरणीपुढं उभं केलं. फाळ अमृतरावाचा. तो स्वतः उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "लोहारा, तुझा घणकरी नवरीवानी हात उचलून राहिला. मिरीग निघून जाईल की."

मी जोर धरला. सांडशीत फाळ जरा फिरला. तो सारखा करायला रखमाजी पुढं वाकला आणि हातोडी घासली. खर्र.

मी ऐकलं. हे आज सांगतो, ऐकलं. घण वर होता. मनात आलं, हा एक मारून घ्यावा, मालक बघतोय.

रखमाजीचा डावा हात मनगटाखाली राहिला नाही.

सगळ्यांना मी सांगितलं, सांडशी सटकली. अमृतरावाचं लक्ष तळहातावरच्या तंबाखूवर होतं, त्याला काही कळलं नाही. रखमाजीनंही माझं खोटं पाडलं नाही. आठव्या दिवशी त्याला धनुर्वात झाला, जबडा मिटला. हिंगोलीच्या दवाखान्यात मी पायथ्याशी बसून होतो. तोंड उघडत नव्हतं, पण उजव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजत होतं. टक… टक… मग नख घासायचं. खर्र. मी तिथून उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा बोट थांबलं होतं.

तर तो फाळ अजून भट्टीतच होता. अमृतरावानं निरोप धाडला, अर्धाकच्चा असला तरी द्या, सेनगावच्या लोहाराकडून पुरा करून घेतो. म्हणून मी गेलो. अमावस्येला लोहार ऐरणीवर ठोका पडू देत नाही, पण मला काय, उचलायचा आणि निघायचं.

वावटळ उठली होती. आभाळ मातीच्या रंगाचं. छपरीचे पत्रे थडथडत होते. आत शिरलो तर अंधार, आणि वास. वीस दिवसांवर भाता बंद होता, तरी जळक्या कोळशाचा ताजा वास. खाली आणखी एक वास होता, तो मला ओळखीचा होता, त्याचं नाव घेत नाही.

फाळ ऐरणीवर होता. सांडशीत धरलेला. सांडशी कोणीतरी धरून ठेवावी तशी आडवी, अधांतरी नव्हे, पण टेकलेली कशावर तेही दिसेना. दाराशी ओंडका. त्यावर ठिपका. मी बोट लावलं.

ओला.

टक.

माझे हात घणाकडं गेले. मी नेले नाहीत. चार महिने तेच केलेलं अंग, टक ऐकलं की उचलतं. घण वर गेला, खाली आला.

टक. पुन्हा वर. पुन्हा खाली. किती वेळ, सांगता येत नाही. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. मधेच खर्र व्हायचं, आणि घण तरी खालीच यायचा. प्रत्येक वेळी कानाशी, अगदी हळू…

"अजून न्हाई."

"काका, चुकलं माझं…" मी म्हणालो. "सोडा आता…"

टक टक.

जोरात. मी होतं तेवढं बळ लावून घण उचलला. तो माथ्यावर होता आणि त्याच क्षणी झालं. खर्र.

का कोण जाणे, या वेळी आतलं ते सुटलं नाही. मी खांदा मोडेल इतका पिळला. घण ऐरणीच्या कडेनं गेला आणि माझ्या उजव्या पायावर बसला. दोन बोटं गेली, ही बघा. मी ओरडलोसुद्धा नाही, कारण पुढ्यातून कोणीतरी बोललं.

"सोनाजी?…"

पंचफुलाबाई. गुडघ्यावर बसलेली, आणि तिचा हात ऐरणीवर, पालथा, बोटं पसरलेली.

"काकू… घणाचा आवाज चालला व्हता, तरी हात घातला?"

"कसला घण?" ती म्हणाली. "घण न्हाई ऐकला मी. ह्येंची हातोडी आली ऐकू. म्हणून आले. हिथं हायेत का, म्हणून चाचपून राहिले…"

पत्रे थडथडत होते. मी खाली बसलो आणि तिला सांगितलं. सांडशी सटकली नव्हती. मी ऐकलं होतं.

ती उठली, माझ्या पायाला पदर फाडून बांधला, घट्ट, कळ मस्तकात गेली.

"उद्या ये," ती म्हणाली. "वंडक्यावर मारायचं. पायाचं मला सांगू नको."

तीन महिने पुन्हा ओंडका. ठिपका तिच्या बोटाचा, हातोडी तिची. मग लोखंड आलं तेव्हा सांडशी धरून समोर तीच बसली, नवऱ्याच्या जागी. बाईनं ऐरणीवर बसावं का, यावर गाव वर्षभर बोललं. ज्या घणानं नवरा नेला त्याच्याखाली तिनं सोळा वर्षं आपला हात धरला, आणि एकदाही मागं घेतला नाही. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. खर्र झालं की घण फिरायचा. पण "बराबर" असं मला कोणीच म्हणालं नाही, ना तिनं, ना त्यानं.

ती गेल्यावर तिच्या जागी मी बसलो. आता सांडशी माझ्याकडं, घण तातेरावाकडं. माझा जावई. अंगानं दांडगा, हात सरळ, घण बराबर उतरवतो. फिरवत नाही. रोज सांगतो, ओंडक्यावर मार. तो हसतो. "मामा, जग कुठं गेलं अन् तुमी लाकूड कुटायला लावून राहिले!"

उद्या सकाळी वखराची एक पास, खालचं लोखंडी पातं, ठोकायची आहे, गिऱ्हाईक दारात बसून राहणार आहे. हे सगळं आज काहून सांगितलं, विचाराल. आज अमावस्या. भट्टी बंद आहे, ओंडका कोरडा आहे, मी स्वतः बघून आलो. मग हात धुवायला बसलो.

जरा दिवा इकडं घ्या. हा डावा हात. पालथा. मधोमध बघा, पैशाएवढा.

तिसऱ्यांदा धुतलाय. बोट लावून बघा, अजून ओलाच आहे.