चव उत्तम

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ठेवलात तर मलाच आश्चर्य वाटेल.

मी थापाड्या माणूस आहे. म्हशाच्या जत्रेत विकायला आणलेला एक बैल माझ्या कानात बोलला, असं मी चार गावांत सांगितलंय. ती थाप होती.

ही नाही.

परवा मुरबाड स्टँडवर मी ही हकीकत सांगितली, तशीच इथे लिहितो. कल्याणची जीप भरायची होती. अजून दोन सीट कमी. ड्रायव्हर हनुमान स्टिअरिंगवर हात टेकून म्हणाला, "बाबा, सांगा कायतरी. तेवढाच टाइम जाईल."

पाच-सहा पॅसेंजर होते. मागच्या सीटवर ओढणीने तोंड बांधलेली एक तरुण मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती.

"भुताची सांगू?"

"सांगा की. पण भर दुपारी?"

"हे भूत दुपारचंच आहे," मी म्हणालो.

सन दोन हजार तीन. म्हशाच्या पुढे डोंगराला टेकलेला एक पाडा. शाळेची एक खोली, एक पडवी, चाळीस पोरं आणि एकच मास्तर. त्यांना आपण शेखर गुरुजी म्हणू.

सरकारचा नियम असा, की आठवड्यातून एकदा पोरांना खिचडीबरोबर काहीतरी पौष्टिक द्यायचं. केळं, अंडं, लाडू, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की. पाड्यावर पोचेपर्यंत केळी काळी पडत आणि अंडी फुटत. म्हणून चिक्की. दर मंगळवारी गुरुजी मुरबाडहून खोका आणत, वर्गातल्या लोखंडी कपाटात भरून ठेवत आणि बुधवारी वाटत.

दुसरा नियम. पोरांना वाटायच्या अर्धा तास आधी मोठ्या माणसाने ती खाऊन बघायची. मग चव-रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची.

गुरुजींची दाढ किडलेली. चिक्की अशी, की तिने भिंतीत खिळा ठोकावा. मग चाखणार कोण?

गंगी.

गंगी म्हणजे खिचडी शिजवणारी म्हातारी. तोंडात दोनच दात, वरचे, समोरचे. वडी गालात धरून ती चोखायची, ओली झाली की त्या दोन दातांनी कड खरवडायची आणि उरलेली ताटलीत ठेवायची. वडीवर दोन चरे उमटलेले असत. शेजारी शेजारी.

"लिवा गुरुजी. गोड हाय."

गुरुजी लिहीत, चव उत्तम. खाली सही गुरुजींची. तोंड मात्र गंगीचं.

"आणि खराब निघाली असती तर?" हनुमानने विचारलं.

"तर गुरुजी वाचले असते ना रे."

जीपमध्ये दोघं-तिघं हसले.

गणपतीनंतर गंगी तापाने गेली. पुढच्या बुधवारी गुरुजींनी सवयीने एक वडी ताटलीत काढली. मग तिच्याकडे बघत बसले. दाढेवरून जीभ फिरवली.

आणि न चाखताच लिहिलं, चव उत्तम.

पाणी प्यायला ते पडवीत गेले. पोरं अंगणात खेळत होती. वर्गात कोणी नव्हतं.

आतून आवाज आला...

चुळुक... चुळुक...

कोणी तरी काही चोखत होतं.

मग... कर्र... कर्र...

गुरुजी धावत आत आले. खोली रिकामी. खिडकीला जाळी. ताटलीतली वडी ओली होती.

तिच्या कडेला... दोन चरे.

त्यांनी ती वडी कुडापलीकडे भिरकावली. उंदीर असेल म्हणाले. पण उंदीर काही उरलेली वडी पुन्हा ताटलीच्या मधोमध ठेवत नाही.

दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी तेच.

माणूस कशालाही सरावतो, बरं का. चौथ्या बुधवारी गुरुजींनी वडी काढली, पडवीत जाऊन पाठ करून उभे राहिले आणि आवाज थांबल्यावर आत आले. चरे बघितले. शेरा लिहिला. मेल्यावरही म्हातारी त्यांचं काम करत होती, आणि ते करू देत होते.

"च्यायला," हनुमान पुटपुटला.

मागची मुलगी आता खिडकीबाहेर बघत नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपली. तो मंगळवार. गुरुजींचा खोका जीपच्या टपावर होता. शेजारी कोणाचं तरी भेंडीवर फवारायचं औषध. पाड्याच्या वळणावर खोका उतरवला, तेव्हा त्याचा तळ ओलसर लागला. वासही आला, उग्र.

रॉकेल असेल, असं गुरुजींना वाटलं. वाटलं म्हणजे, त्यांनी तसं वाटून घेतलं. परत मुरबाडला कोण जाणार? त्यांनी खोका तासभर उन्हात ठेवला आणि कपाटात भरला.

बुधवार उजाडला. साडेअकराला त्यांनी वरची वडी ताटलीत ठेवली. पडवीत गेले. पाठ केली.

वाट बघितली...

काही नाही.

पावणेबारा... बारा...

चोखण्याचा आवाज नाही. खरवडण्याचा नाही.

गुरुजी आत आले. वडी कोरडी. कड शाबूत.

कपाटाच्या दारापाशी मात्र... जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे होते. म्हातारीच्या पावलांएवढे. कपाटापर्यंत आलेले, आणि तिथून मागे न गेलेले.

गुरुजींना काय वाटलं असेल? भीती?

नाही. त्यांना बरं वाटलं. सुटली बिचारी, आणि मीही सुटलो, असं ते मोठ्याने म्हणाले. पायाने ठसे पुसले. रजिस्टर ओढलं.

चव उत्तम.

पोरं पडवीत रांगेत बसली होती, ताटल्या वाजवत. गुरुजींनी खिचडी वाढली आणि पहिल्या पोरापासून एकेक वडी वाटायला घेतली. वरच्या वड्या कोरड्या होत्या. पोरं कडाकड फोडत होती. पाच पोरं राहिली, तेव्हा खोक्याच्या तळाला हात लागला. बोटांना चिकट लागलं...

तेवढ्यात आत ताटली पडली.

ठण्ण.

गुरुजी खोका घेऊन आत गेले. ताटली रजिस्टरवर उपडी पडली होती. नेमकी त्या दिवसाच्या शेऱ्यावर. त्यांनी ती उचलली. वाळलेली शाई पुन्हा ओली झाली होती, आणि शेरा पुसला गेला होता. सही तेवढी राहिली होती.

ते किती वेळ उभे राहिले, कोण जाणे. बाहेरून पोरं हाका मारत होती. "गुरुजी, आमाला नाय मिळाली..."

हनुमानने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"मग?" हनुमान म्हणाला.

मग गुरुजी बाहेर आले. चाळीसांतल्या पाचांनाच नाही म्हणायचं, तर कारण काय सांगायचं? मेलेल्या बाईने नको म्हटलं, असं? त्यांनी बोटं लेंग्याला पुसली.

आणि उरलेल्या पाच वड्या वाटल्या.

अर्ध्या तासाने पहिलं पोर ओकलं. मग दुसरं. एक दुधाचा टेम्पो थांबवून पोरांना मुरबाडला दवाखान्यात नेलं. चव-रजिस्टर कोणी मागितलंच नाही. चार दिवसांनी गुरुजी शाळेत आले, तेव्हा ते कपाटात होतं. पुढच्या बुधवारी त्यांनी पुन्हा ताटलीत वडी काढून ठेवली. दुपारपर्यंत पडवीत पाठ करून उभे राहिले.

म्हातारी आली नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. कधीच नाही.

"आणि पोरं? पोरांचं काय झालं, बाबा?" हनुमानने मागे वळून विचारलं.

"काय व्हायचंय पोरांना," मी म्हणालो. "सलाईन लावलं, ताक पाजलं. संध्याकाळी सगळीच्या सगळी टेम्पोत बसून परत आली, गाणी म्हणत. पाड्यावर पोचेपर्यंत त्यांना भूक लागली होती."

मागच्या सीटवरच्या मुलीने तोंडावरची ओढणी सोडली.

"खोटं नका बोलू, गुरुजी," ती म्हणाली. "सगळी नाय आली. माझी बहीण नाय आली. ती शेवटच्या पाचांत बसलेली."